वाकडे रोप आणि मोडलेले हाड



मी पेशाने मास्तर. तेहेतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि ही सारी वर्षे फळ्यावर डाव्या हाताने लिहिले. नव्या वर्गातली मुले पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघून हसत. मग त्यांचे लक्ष माझ्या उजव्या हाताकडे जाई आणि हसू आपोआप मावळे. या हाताचे मनगट आत वळलेले आहे, बोटे आखडलेली आहेत. खडू बोटांत ठेवता येतो, पण धरता येत नाही. हे व्यंग जन्माचे नव्हे, कोणत्या रोगाचेही नव्हे. ते एका आवळून बांधलेल्या पट्टीचे आहे. हाडांच्या शल्यविद्येची आज मला तुम्हांला ओळख करून द्यावयाची आहे. पण त्या विद्येशी माझी ओळख या हातामुळेच झाली. तेव्हा आधी हाताची हकीकत सांगतो, आणि मग विद्येकडे वळतो.

माझे गाव पेणकरपाडा. मुंबईची हद्द दहिसरला संपते आणि लागलीच ठाणे जिल्हा सुरू होतो, त्या हद्दीवरचे हे गाव. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि आज आमचे गावठाण उंच इमारतींच्या पोटात शिरून बसले आहे. माझ्या लहानपणी मात्र एका अंगाला भातशेती आणि दुसऱ्या अंगाला खाजण व मिठागरे, असा तो मुलूख होता. १९६२ सालचा मे महिना. मी आठ वर्षांचा. जांभळे पिकू लागली होती, आणि जांभळाची फांदी किती ठिसूळ असते हे खेड्यातल्या मंडळींना मी सांगायला नको. फांदी मोडली, मी हातावर आदळलो, आणि कोपराच्या जरा वर हाड मोडले. शेजारीण ओरडत आमच्या दारात गेली, "पोर परला गो, हात मोरला!"

इस्पितळ म्हणजे मुंबई. वडील मिठागरावर रोजाने जाणारे. मुंबईला जायचे म्हणजे दिवस मोडायचा, आणि तिथे गेल्यावर कुणाला विचारायचे हेही ठाऊक नाही. जवळच्या एका गावात हाडवैद्य होते, त्यांच्याकडे मला नेले. माणूस भला होता. नारळ आणि सव्वा रुपया, याहून जास्त कधी कुणाकडून घेतले नाही. त्यांनी हात ओढून हाड बसवले, अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचे पीठ यांचा लेप दिला, वर बांबूच्या कामट्या लावल्या आणि कापडाची पट्टी करकचून आवळली.

त्या रात्री मी जिवाच्या आकांताने रडलो. दुखत होते ते मोडल्या जागी नव्हे, त्याच्या खाली, कोपरापासून बोटांपर्यंत. वडील अंगावरून हात फिरवून म्हणत होते, "सोस बाबा, आवळलं म्हणजे जुळतं." दुसऱ्या दिवशी दुपारी दुखणे थांबले. घरच्यांना वाटले, उतार पडला. तिसऱ्या दिवशी आईने बोटे पाहिली. ती निळसर आणि गार पडली होती. टाचणी टोचली तरी मला कळेना. मग मीरा रोड स्टेशन, मग गाडी, मग मुंबईचे एक रुग्णालय. तेथल्या डॉक्टरांनी पट्टी कापली, हाताचा फोटो काढला, आणि वडिलांना म्हणाले, "हाड अगदी जागच्या जागी बसलंय. पण हात गेला."

श्रोतेहो, हे वाक्य मी आयुष्यभर बरोबर वागवले आहे. हाड जुळणे वेगळे आणि हात वाचणे वेगळे. हाड जिवंत असते, ते आपण होऊन जुळते. वैद्याने, डॉक्टरने करावयाचे ते एवढेच, की ते सरळ रेषेत जुळेल असे धरून ठेवायचे आणि तसे धरताना आजूबाजूचे रक्त, नसा आणि स्नायू यांना इजा होऊ द्यायची नाही. या एका वाक्यात हाडांची सारी विद्या आली. मात्र ही विद्या आमच्या पाड्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागला. किती वेळ लागला, ते आता पाहू.

आपल्याकडे या विद्येचा जुना ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, किंबहुना काही भागांत त्याहूनही जुनी. तिच्या निदानस्थानात मोडलेल्या हाडांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि चिकित्सास्थानात त्यांच्या उपचारावर दुसरा. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सुश्रुताने सांगितले. त्यांची नावे ऐकली तरी पाहणाऱ्याची नजर कळते. मोडल्या जागी मध्ये गाठ येऊन खेकड्यासारखे दिसते ते कर्कटक, घोड्याच्या कानासारखे वर येते ते अश्वकर्ण, चुरा होतो ते चूर्णित, आणि न तुटता नुसतेच वाकते ते वक्र. लहान मुलांचे हाड ओल्या काठीसारखे वाकते, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

उपचाराच्या चार पायऱ्या त्याने सांगितल्या. हाड ओढणे, दाबणे, जागी आणणे आणि बांधणे. बांधण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन अशा झाडांच्या साली किंवा बांबूच्या पट्ट्या घ्याव्यात. मांडीचे किंवा पायाचे हाड मोडले तर रोग्याला फळीवर निजवून खुंट्या ठोकून पाय स्थिर ठेवावा. हे सारे आमच्या हाडवैद्यांनाही ठाऊक होते. पण सुश्रुताने पुढे जे लिहिले ते वाटेत कुठेतरी गळून पडले. त्याने बजावून ठेवले, की पट्टी फार सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आणि फार घट्ट बांधली तर सूज येते, वेदना होतात आणि कातडी पिकते. शिवाय एकदा बांधली की झाले, असेही नाही. थंडीच्या दिवसांत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पुन्हा बांधावी. उन्हाळ्यात सूज आणि दाह लवकर वाढतो, हे त्याने ध्यानात घेतले होते. माझा हात मे महिन्यातच मोडला होता.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती आमच्या मिठागरांच्या गावाला शोभणारी आहे. हाताचे हाड जुळल्यावर हातात बळ यावे म्हणून काय करावे, तर सुश्रुत म्हणतो, आधी मातीचा गोळा धरायला द्यावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आले म्हणजे दगड. आज मोठ्या रुग्णालयात व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ मुलांच्या हाती मऊ चेंडू देतात, मग जरा कठीण चेंडू देतात. युक्ती तीच.

आता युरोपकडे वळू. आज जगभर या शास्त्राला 'ऑर्थोपेडिक्स' म्हणतात. हा शब्द पॅरिसचे एक वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ साली आपल्या ग्रंथासाठी घडवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द त्यांनी जोडले, एकाचा अर्थ सरळ आणि दुसऱ्याचा अर्थ मूल. तेव्हा या शास्त्राच्या नावाचा मूळ अर्थ 'मुलाला सरळ करणे' असा आहे. त्या वेळी आंद्री ऐंशीच्या पुढे होते. शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की तो ग्रंथ त्यांनी शल्यवैद्यांसाठी लिहिला नव्हता. आईबापांसाठी आणि मुलांना वाढवणाऱ्या, शिकवणाऱ्या माणसांसाठी लिहिला होता. मूल बसते कसे, चालते कसे, त्याचे खांदे एका रेषेत आहेत की नाहीत, हे आधी दिसते ते आईला आणि मास्तराला. त्या ग्रंथात एक चित्र आहे. एक वाकडे रोप आहे आणि त्याच्या शेजारी एक सरळ खुंट रोवून दोरीने रोप त्याला बांधले आहे. तेच चित्र आज जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांची खूण होऊन बसले आहे. तुम्ही आंब्याच्या कलमाला काठी देता ना, तेच ते. दोरी खोडात रुतेल अशी कुणी बांधत नाही, आणि रोप वाढेल तशी ती सैल करावी लागते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. त्या रात्री माझ्या पट्टीकडे कलमाच्या दोरीकडे बघावे तसे कुणी बघितले असते, तर हा हात वाचला असता.

आंद्रींच्या काळी उपचार म्हणजे पट्ट्या, व्यायाम आणि बसण्याउठण्याच्या सवयी एवढेच. शल्यक्रिया नंतर आली, आणि तिच्या आधी तीन मोठे शोध लागावे लागले. पहिला म्हणजे भूल. १८४६ पासून भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि शल्यवैद्याला घाईशिवाय काम करता येऊ लागले. दुसरा जंतुनाशनाचा. ब्रिटनमधील जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोत एका मुलाच्या पायाचे हाड कातडी फाडून बाहेर आले असता जखमेला कार्बोलिक अॅसिड लावले, आणि जखम न चिघळता पाय वाचला. त्यापूर्वी असे उघडे मोडलेले हाड म्हणजे पाय कापावा लागणे किंवा जीव जाणे, असाच बहुधा शेवट असे. तिसरा शोध क्ष-किरणांचा. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना ते सापडले आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडे दिसली, बोटातली अंगठीही दिसली. तोवर वैद्याची बोटे हेच त्याचे डोळे होते.

याच शतकात प्लास्टर आले. हॉलंडचे लष्करी शल्यवैद्य अँटोनियस मॅथाइसन यांनी १८५१-५२ च्या सुमारास पट्टीच्या कापडात जिप्समची भाजलेली पूड घालून ती पाण्यात भिजवून गुंडाळली. काही मिनिटांत पट्टी दगडासारखी झाली. मिठागरवाल्यांना जिप्सम नवीन नाही. मीठ धरण्याआधी कोंडीत जो खरखरीत थर बसतो, त्यात तेच असते.

हाडवैद्यांविषयी मी कडवट बोलतो असे तुम्हांला वाटू नये, म्हणून ही पुढची गोष्ट सांगतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला ह्यू ओवेन थॉमस नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांचे घराणे वेल्समधले, पिढीजात हाडवैद्यांचे. वडिलांच्या हाताला गुण होता, पण पदवी नव्हती. म्हणून त्यांनी मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. थॉमस यांनी घराण्याचा अनुभव आणि कॉलेजची विद्या एकत्र केली आणि पाय स्थिर ठेवण्यासाठी लोखंडी सळईची एक चौकट तयार केली. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती पहिल्या महायुद्धात वापरायला लावली आणि मांडीचे हाड मोडून मरणाऱ्या सैनिकांची संख्या फार मोठ्या प्रमाणात खाली आली. ती थॉमस चौकट आजही वापरात आहे. म्हणजे हाडवैद्याच्या घरातूनच आधुनिक शास्त्राला एक मोठे साधन मिळाले. हाडवैद्याचा मुलगा शिकला, आणि विद्येचे दोन प्रवाह एक झाले. आपल्याकडे ते तसे एक झाले नाहीत, ही आपली हानी.

माझ्या हाताला जे झाले त्यालाही नाव आहे. जर्मनीतले रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली लिहून ठेवले, की पट्टी आवळल्याने रक्त अडते, स्नायू मरतात, आणि मेलेला स्नायू आखडून बोटे आत ओढतो. रक्त अडल्यापासून साधारण सहा तासांच्या पुढे स्नायू वाचवणे कठीण होत जाते. दुसऱ्या दिवशी माझे दुखणे थांबले ते याच कारणाने. दुखायला आत काही जिवंत उरलेच नव्हते. बघा, फोल्कमान लिहून गेल्याला तेव्हा ऐंशी वर्षे झाली होती, आणि सुश्रुताने सांगितल्याला दोन हजार. ज्ञान होते, पण ते आमच्या दारात आले नव्हते.

ही विद्या आपल्याकडे लोकांपर्यंत नेणाऱ्यांत एका आईचे नाव घेतले पाहिजे. मुंबईच्या फातिमा इस्माईल. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारांसाठी वणवण करताना त्यांच्या ध्यानात आले, की अशी मुले हजारो आहेत आणि त्यांना जागा कुठेच नाही. १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यासाठी शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी आपली जागा दिली. त्या कामातून पुढे हाजी अलीला मुलांचे अस्थिव्यंगोपचार रुग्णालय उभे राहिले. त्याच परिसरात १९५५ साली अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. पुण्याला तर १९४४ पासूनच लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र होते. याच १९५५ साली भारतातल्या हाडांच्या शल्यवैद्यांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. आणि ज्या रोगाने ही रुग्णालये भरत होती, तो पोलिओ लसीने हटवला. २०११ च्या जानेवारीनंतर आपल्या देशात त्या रोगाचा नवा नैसर्गिक रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त ठरला. हाडांच्या शास्त्राचे मोठे यश कधीकधी असे लसीच्या दोन थेंबांत असते.

तर आज या शास्त्राचा आवाका केवढा आहे? सरकारी रुग्णालयात 'अस्थिव्यंगोपचार विभाग' अशी पाटी दिसते. पाटी वाचून वाटते, येथे फक्त हाडे बसवतात. तसे नाही. हाडे, सांधे, स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या, पाठीचा कणा, हे सारे त्यात येते, आणि पाळण्यातल्या बाळापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सर्वांना तेथे काम आहे.

पाळण्यापासूनच सुरुवात करू. हजार बाळांमागे एखादे बाळ पाऊल आत वळलेले घेऊन जन्माला येते. पूर्वी लोक ग्रहणाला दोष देत आणि मूल तसेच लंगडत वाढे. अमेरिकेतले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी दाखवून दिले, की जन्मानंतर थोड्याच दिवसांत दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने जरासे सरळ करून प्लास्टर घालत गेले, तर पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सरळ होते. पुष्कळ मुलांना टाचेच्या दोरीवर एक लहानसा छेद द्यावा लागतो, आणि मग चार वर्षांची होईपर्यंत रात्री निजताना खास बूट घालावे लागतात. येथे मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. लागते ती आईची चिकाटी. पाऊल सरळ झाले म्हणून बूट सोडले, तर ते पुन्हा वळते. आंद्रींचे रोप आणि खुंट, ते हेच.

मग मुलांचे वाकलेले पाय. कोवळ्या उन्हाचा आणि पुरेशा आहाराचा अभाव झाला की हाडे मऊ राहतात आणि वजनाने वाकतात. तो मुडदूस. पाठीला पोक काढणारा मणक्याचा क्षय हाही येथलाच. तो आज मुख्यतः औषधांनी बरा होतो, मात्र औषध मध्येच सोडता कामा नये. तरण्याताठ्यांचे अपघात तर रोजचे झाले आहेत. १९३९ च्या सुमारास जर्मनीच्या गेरहार्ड क्युन्चर यांनी मोडलेल्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत आतून पोलादी सळई घातली. पूर्वी जो माणूस महिनोन् महिने खाटेला बांधलेला असे, तो आता थोड्याच दिवसांत कुबड्या घेऊन उभा राहतो. शेतकऱ्याला पेरणी गाठता येते.

आजीबाई न्हाणीघरात घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते. पूर्वी घरचे म्हणत, आता म्हातारी उठत नाही. आणि ती उठत नसेच. पडून पडून पाठीला जखमा होत, छातीत कफ साचे, आणि काही महिन्यांत ती जाई. आज शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करून तिला चालवतात. खुब्याचा सांधा बदलण्याची खात्रीची पद्धत १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी रूढ केली. ज्या वर्षी माझा हात गेला, त्याच वर्षी.

आणि जेथे पाय वाचतच नाही, तेथे जयपूर पाय आहे. राजस्थानातले कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास तो तयार केला. परदेशी लाकडी पायावर बूट घालावा लागे. हा पाय घालून माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात शिरतो, सायकल मारतो. कारागिराने आपल्या माणसाचे जगणे पाहून तो घडवला, म्हणून तो उपयोगी पडला.

आता, श्रोतेहो, सगळ्यांत कामाचे बोलतो. शिक्षकांनी हे लिहून घ्यावे.

मूल पडले आणि हात किंवा पाय मोडल्याची शंका आली, तर चोळू नये, ओढू नये, 'हलवून दाखव' म्हणू नये. ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत आधार द्यावा. वर्तमानपत्राची जाड घडी, पुठ्ठा, मोजपट्टी, छत्री, जे हाताशी असेल ते बाजूला ठेवून वर आणि खाली अशा दोन ठिकाणी फडक्याने बांधावे. मोडल्या जागेवर गाठ मारू नये. बांधलेल्या फडक्याखाली आपले बोट सहज सरकले पाहिजे. बांगड्या, अंगठी, हातातला दोरा लगेच काढावा, कारण सूज आल्यावर ते काढता येत नाहीत. जखम असेल तर स्वच्छ कापड ठेवावे. हळद, राख, चहाची पूड काहीही भरू नये. रुग्णालयात पोहोचेपर्यंत खायला प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. झाडावरून किंवा विहिरीत पडून मानेला, पाठीला मार लागला असेल, तर माणसाला बसते करू नये आणि दोघांनी हातापायांना धरून उचलू नये. १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. गाडी येणारच नसेल तर तीन-चार जणांनी मान, पाठ आणि कंबर एका रेषेत राहील अशा बेताने फळीवर घ्यावे.

घरी आल्यावर, मग पट्टी हाडवैद्याने बांधलेली असो की डॉक्टरने प्लास्टर घातलेले असो, हात उशीवर उंच ठेवावा आणि दर काही तासांनी बोटे पाहावीत. दुखणे कमी होण्याऐवजी वाढते आहे, बोट हलकेच सरळ केले तरी मूल किंचाळते, बोटे पांढुरकी किंवा निळी पडली, गार झाली, बधिर झाली, हलेनाशी झाली, यांतली एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता निघावे. जवळ कुणी जाणते असेल तर पट्टी तेथल्या तेथे सोडावी. हाड थोडे हलले तर ते पुन्हा बसवता येते. मेलेला स्नायू पुन्हा आणता येत नाही. आणि दुखणे एकाएकी थांबले पण बोटे हलत नाहीत, तर त्याला उतार समजू नये. हे माझ्या हातावरून सांगतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला पथके येतात. वळलेली पावले, निखळलेला खुबा, मुडदूस, हे सारे त्यांच्या यादीत आहे. पथक येईल त्या दिवशी लंगडणारे मूल हमखास गैरहजर राहते, हा माझा अनुभव आहे. त्याला लाज वाटते, आणि घरच्यांनाही. त्या मुलाच्या घरी आदल्या संध्याकाळी जाऊन या. शस्त्रक्रियेच्या खर्चाचे भय असेल, तर आपल्या मुलाचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो काय, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला सांगा.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेच्या पटांगणात चौथीतली एक मुलगी लंगडी खेळताना पडली. तेच कोपर, तीच जागा. मी वर्तमानपत्राची घडी केली, डाव्या हाताने आणि दातांनी फडके बांधले, बोट घालून पाहिले, सैल आहे ना ते. तिची आजी म्हणत होती, "गुर्जी, आवलून बांधा." मी तिला माझा उजवा हात दाखवला. ती गप्प झाली. संध्याकाळपर्यंत मुलगी रुग्णालयात पोहोचली. डॉक्टरांनी हाड बसवून दोन बारीक तारा घातल्या आणि महिन्याभराने काढल्या. सुट्टीनंतर ती शाळेत आली तेव्हा मी तिला फळ्यावर तारीख लिहायला सांगितली. तिने उजव्या हाताने लिहिली. अक्षर काही फार चांगले नव्हते, पण ते तिचे आधीपासूनच तसे होते.